शौलाचे चिलखत आणि केंद्रातला जुना संगणक

अभ्यासपाठ

शास्त्रवाचन : १ शमुवेल १७:३८–४०, नहेम्या ७:१–३, मलाखी १:६–८

मुख्य विचार : हत्यार हलके असावे, पण कुजक्या दोरीचे नसावे.





अभ्यासपाठात संगणकाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या मंडळ्यांनी प्रेमाने पाठवलेले जुने संगणक आज आपल्या केंद्रांत रोज चालू असतात. वसतिगृहातील मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, प्रवेश, निकाल, हे सर्व आता त्यांच्यावरूनच होते. इंटरनेटवरची पाने ज्यातून उघडतात त्या प्रोग्रॅमला ब्राऊझर म्हणतात. जुन्या, संथ संगणकावर कोणता ब्राऊझर ठेवावा हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. पण एखाद्या मुलाचे वर्ष त्यावर अवलंबून असते, हे मी पाहिले आहे.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे काम आहे. दिवाळीनंतर पाड्यांवरची बरीच कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अशाच एका हिवाळ्यात अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही बसलो होतो. तिचे आधार वडिलांच्या मोबाईलला जोडलेले आणि वडील उसाच्या फडात. ठरल्या वेळी त्यांनी रेंज मिळेल अशा जागी येऊन थांबायचे आणि ओटीपी आला की लगेच फोन करून सांगायचा, असे ठरले होते.

ओटीपी आला. त्यांनी सांगितला. मी तो टाकला आणि पडद्यावरचे चाक फिरत राहिले. पान उघडले तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली होती. पुन्हा फोन, पुन्हा ओटीपी, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वडील म्हणाले, "ताई, मुकादम हाका मारतोय. उद्या बघू का?" मुलगी माझ्याशेजारी स्टुलावर बसली होती. ती काही बोलली नाही. आदल्या वर्षी एका मुलाचा अर्ज असाच राहून गेला होता, हे तिला माहीत होते.

त्या रात्री मी एक सोपा मार्ग शोधला. कोणीतरी पेनड्राईव्हवर दिलेला एका ब्राऊझरचा फार जुना अवतार मी त्या संगणकावर घातला. अपडेटमुळे संगणक अडतो म्हणून अपडेट बंद करून टाकले. पुन्हा पुन्हा टाइप करायला नको म्हणून सगळ्या मुलांचे पासवर्ड त्यातच साठवून ठेवले. ब्राऊझर भराभर चालू लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे, वडील फडात जाण्यापूर्वी, अर्ज भरला गेला. म्हणूनच ती चूक मला चूक वाटली नाही. मी देवाचे आभार मानले.

पुढे काही आठवड्यांनी एका सहायक मंडळीतला तरुण आमच्याकडे मदतीला आला. तो संगणकाचे काम जाणणारा. त्याने थोडा वेळ यंत्र पाहिले आणि हसत म्हणाला, "ताई, घर हवेशीर व्हावं म्हणून तुम्ही दारच काढून ठेवलंय!" मग त्याने मला डाऊनलोडचा फोल्डर उघडून दाखवला. चाळीसहून अधिक मुलांची आधार कार्डे, जातीचे दाखले, बँकेच्या पासबुकांची पहिली पाने, सगळे तिथे पडलेले. त्यावर पहारा मात्र कसलाच नव्हता. देवाच्या कृपेने काही नुकसान झाले नाही. पण त्या दिवसापासून हा विषय मी नव्याने शिकले. जे शिकले ते आपल्यापुढे ठेवते.

१. दावीदाने काय नाकारले?

शौल राजाने दावीदाला आपली वस्त्रे, पितळी टोप आणि चिलखत घातले. तो काळच्या मानाने ती उत्तम सामग्री होती. पण दावीदाला ती घालून चालता येईना, कारण त्याला तिची सवय नव्हती. त्याने ती उतरवली. मग हातात काठी घेतली, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे निवडून झोळीत टाकले, गोफण घेतली आणि तो निघाला.

आमच्या भागातल्या मुलांना गोफण समजावून सांगावी लागत नाही. ज्वारी दाण्यावर आली की माचाणावर उभे राहून पाखरे राखणे हे त्यांचे काम असते. मी त्यांना विचारले, "गोफण हलकी असते, मग ती तुटकी असली तर चालेल का?" सगळी हसली. एक मुलगा म्हणाला, "दोरी कुजकी असेल तर दगड मागेच पडेल."

या पाठाचे सार त्या मुलाने सांगितले. दावीदाने जड चिलखत नाकारले, पण त्याने हाती येईल ते उचलले नाही. त्याची गोफण हलकी होती, तशीच ती धड होती. आपल्यालाही जुन्या संगणकासाठी असेच निवडायचे आहे. यंत्राला पेलेल असे घ्यायचे, पण धडही असावे लागेल. मी निवडलेला ब्राऊझर हलका होता, आणि त्याची दोरी कुजलेली होती.

२. संगणक थकतो कशाने?

संगणकात दोन जागा असतात. एक कोठार आणि एक ओटा. हार्ड डिस्क हे कोठार. तिथे सर्व सामान साठवलेले असते. रॅम हा स्वयंपाकाचा ओटा. चालू काम त्यावर मांडलेले असते. ओटा भरला की बाई काय करील? काही भांडी कोठारात ठेवून येईल आणि लागली की पुन्हा आणील. संगणकही तेच करतो. जुनी फिरती हार्ड डिस्क मुळात संथ, त्यात ही ये-जा सुरू झाली की पडद्यावरचे चाक फिरत राहते. आमच्या संगणकात रॅम होती २ जीबी. आजच्या ब्राऊझरला एवढ्या ओट्यावर हात हलवायलाही जागा नसते.

पण ब्राऊझर एवढी जागा का घेतो? पूर्वी सर्व पाने एकाच खोलीत उघडत. २००८ साली क्रोम आला तो निरनिराळ्या पानांना वेगळ्या खोल्या देण्याची पद्धत घेऊन. फायरफॉक्सनेही २०१६ पासून ती आणली. एक पान कोसळले तरी बाकीची चालू राहावीत आणि एका संकेतस्थळाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक खोलीला भिंती लागतात आणि भिंतींना जागा लागते. म्हणजे ब्राऊझरचे सगळे वजन वायफळ नाही; त्यातले काही भिंतींचे आहे. ते वजन काढून टाकले तर वेग मिळतो, आणि घर उघडे पडते. मला हे ठाऊक नव्हते.

बाकीचे बरेच ओझे मात्र खरोखर अनावश्यक असते: जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, कधीतरी जोडलेली आणि विसरलेली एक्स्टेन्शन, आणि "असू दे, लागेल" म्हणून उघडे ठेवलेले पंधरा टॅब.

३. पहिला प्रश्न : वेशीवर पहारेकरी आहे का?

नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधून पूर्ण केला, दारे बसवली. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने द्वारपाळ नेमले. वेशी केव्हा उघडायच्या, केव्हा बंद करायच्या हे ठरवून दिले. आणि विश्वासू माणसाच्या हाती कारभार सोपवला. कोट एकदाच बांधून झाला, पहारा मात्र रोजचा.

ब्राऊझरचे अपडेट म्हणजे हा रोजचा पहारा. प्रत्येक ब्राऊझरमध्ये उणिवा सापडत राहतात. बनवणारे त्या बुजवतात आणि अपडेटमधून आपल्याकडे पाठवतात. उणीव जाहीर झाल्यावर ती चोरांनाही कळते. म्हणून अपडेट बंद झालेला ब्राऊझर हा नुसता जुना नसतो. त्याच्या कोटाला कुठे भगदाड आहे हे सर्वांना माहीत झालेले असते.

म्हणून कोणता ब्राऊझर सर्वांत वेगवान, हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न असा: या संगणकावर या ब्राऊझरला आजही सुरक्षेचे अपडेट मिळतात का? उत्तर "नाही" असेल तर तो कितीही वेगाने धावो, त्याला बाजूला ठेवावे. "होय" असणाऱ्यांतूनच मग हलका निवडावा.

४. आपल्या संगणकाला कोणता?

आधी यंत्राची ओळख करून घ्या. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट येथे जा. विंडोज ७ मध्ये कॉम्प्युटरच्या चिन्हावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा. चार गोष्टी वहीत लिहा: विंडोज कोणते, रॅम किती, यंत्रणा ३२-बिट की ६४-बिट, आणि हार्ड डिस्क आहे की एसएसडी. शेवटची गोष्ट दुकानदाराला विचारली तरी चालेल.

विंडोज एक्सपी असेल तर : त्याचे अपडेट एप्रिल २०१४ मध्येच संपले. फायरफॉक्सनेही २०१८ मध्ये त्याची साथ सोडली. असे यंत्र इंटरनेटला जोडू नये. लहान मुलांना मराठी टायपिंग, चित्र काढणे, हिशेबाचा तक्ता शिकवण्यासाठी ते अजूनही चांगले आहे. त्याला तेवढेच काम द्यावे.

विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर : क्रोम आणि एज या दोघांनीही १०९ या आवृत्तीनंतर, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला, या यंत्रणांना नवी आवृत्ती देणे थांबवले. तेथे क्रोम उघडतो, चालतो, पण पहारेकरी घरी गेलेला आहे. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली. या जुन्या यंत्रणांसाठी तिची मुदत मोझिलाने वेळोवेळी वाढवली. ती अजून चालू आहे का, हे पाहूनच वापरावी, आणि तीही तात्पुरती सोय म्हणून. कारण खुद्द विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. पाया खचलेल्या घराला नवे दार किती दिवस पुरेल?

विंडोज १० असेल तर : त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केलेल्या वैयक्तिक संगणकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. ती नोंदणी करून घ्यावी आणि त्या वर्षात पुढची व्यवस्था करावी. ब्राऊझर म्हणून एज आधीच बसवलेला असतो, किंवा फायरफॉक्स घालावा. दोन्ही चालतील.

येथे एक गैरसमज दूर करते. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी ही नावे वेगळी असली तरी सर्वांच्या आत क्रोमियम हेच इंजिन आहे. त्यामुळे नुसते नाव बदलून फार फरक पडत नाही. फरक पडतो तो जाहिराती अडवण्याने आणि न वापरलेले टॅब झोपवण्याने. फायरफॉक्सचे इंजिन, गेको, वेगळे आहे. पेल मूनसारखे काही छोटे ब्राऊझर हलके वाटतात, पण आजकालची काही संकेतस्थळे त्यांत नीट उघडत नाहीत. अर्जाच्या शेवटच्या पायरीवर बटणच दिसले नाही, तर हलकेपणाचा काय उपयोग?

मग एज की फायरफॉक्स? दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः मोजा. आपल्या केंद्राला रोज लागणारी तीन पाने ठरवा, उदाहरणार्थ अर्जाचे पान, बँकेचे पान आणि एक बातम्यांचे पान. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. एका ब्राऊझरमध्ये तिन्ही पाने उघडा आणि घड्याळ लावून वेळ लिहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये तो किती मेमरी घेतो तेही लिहा. मग पुन्हा संगणक सुरू करून दुसऱ्या ब्राऊझरवर तेच करा. अर्ध्या तासात उत्तर मिळेल, आणि ते तुमच्या यंत्राचे खरे उत्तर असेल.

यंत्र ६४-बिट असून विंडोज फारच जुने असेल तर : लिनक्स मिंट ही विनामूल्य यंत्रणा घालता येते. तिचा एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार आहे. किमान २ जीबी रॅमवर ती चालते, ४ जीबी असेल तर सुखाने चालते, आणि तिच्याबरोबर फायरफॉक्स येतो. पेनड्राईव्हवरून आधी चालवून पाहता येते. इंटरनेट, प्रिंटर, मराठी टायपिंग हे सर्व तपासूनच ती कायमची घालावी. कायमची घालताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून सर्व कागदपत्रांची प्रत आधी काढून ठेवावी. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून फक्त ६४-बिटसाठीच आहे. काही संगणकांचा प्रोसेसर ६४-बिटचा असतो आणि वर विंडोज मात्र ३२-बिटचे घातलेले असते. त्यामुळे लगेच निराश होऊ नका. जाणकाराला प्रोसेसर पाहायला सांगा.

आमच्या केंद्राने शेवटी हाच मार्ग धरला. पहिला आठवडा मुले गोंधळली. दुसऱ्या आठवड्यात ती मला शिकवू लागली.

५. ओझे उतरवणे

ब्राऊझर निवडला म्हणजे काम संपले असे नाही. शौलाचे चिलखत दावीदाने एकेक करून उतरवले असेल. आपणही तसेच करू.

एकाच वेळी एकच ब्राऊझर चालवा. अर्ज भरताना त्याच अर्जाचा टॅब ठेवा. गाणी, व्हिडिओ, व्हॉट्सॲप वेब बंद.

एक्स्टेन्शनची यादी उघडा. कोणी जोडले, कशासाठी, हे ज्याचे सांगता येत नाही ते काढून टाका. जाहिराती अडवणारे एक मात्र ठेवा. फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन पूर्ण स्वरूपात चालते. क्रोममध्ये आता त्याचा लाइट प्रकार चालतो. जाहिरातीच न आल्यामुळे मेमरीही वाचते आणि मोबाईलवरून घेतलेला डेटाही. एखाद्या अर्जाचे पान त्यामुळे अडले, तर तेवढ्या संकेतस्थळापुरते ते बंद करता येते.

क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्स ही सोय सुरू ठेवा. एजमधील स्टार्टअप बूस्ट आणि ब्राऊझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी, या दोन्ही बंद करा. संकेतस्थळांच्या सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, नाकारा.

दिवसातून एकदा संगणक पूर्ण बंद करा. अपडेट बंद करू नका. त्याला वेळ नेमून द्या. आमच्याकडे शनिवारी सायंकाळी, मुले प्रार्थनेला बसतात तेव्हा, संगणक अपडेट घेतो. अर्जाच्या वेळी मग तो मध्येच अडून बसत नाही.

आणि एक सत्य मान्य करा: ब्राऊझर ओटा मोठा करू शकत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि शक्य असल्यास रॅमची भर, या दोन गोष्टींनी जुन्या यंत्राला जेवढा जीव येतो तेवढा कोणत्याही ब्राऊझरने येत नाही. तसेच इंटरनेटची रेंजच नसेल तर दोष संगणकाला देऊ नये.

६. दुसऱ्याचा ठेवा

वसतिगृहाचा संगणक एकाचा नसतो. तेथे बसणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांपैकी पुष्कळांना अर्जावरचे वाचताही येत नाही. ते विश्वासाने अंगठा देतात, ओटीपी सांगतात, पासबुक हातात ठेवतात. "ताई बघतील" असे म्हणून निघून जातात. त्या विश्वासाचे आपण मालक नव्हे, कारभारी आहोत.

म्हणून काही नियम आम्ही भिंतीवर लावले आहेत. सामायिक संगणकाच्या ब्राऊझरमध्ये पासवर्ड साठवायचा नाही, "साठवू का?" असे विचारले की "नाही". अर्ज भरायचा तो क्रोमच्या गेस्ट खिडकीत किंवा फायरफॉक्सच्या प्रायव्हेट खिडकीत, आणि काम झाले की लॉगआऊट करून ती बंद करायची. मात्र अशा खिडकीतून उतरवलेली फाइल संगणकावर तशीच राहते, हे विसरायचे नाही. काम झाल्यावर डाऊनलोडचा फोल्डर आणि कचरापेटी दोन्ही रिकामी करायची. ठेवायची कागदपत्रे कुलपातल्या वेगळ्या डिस्कवर. ब्राऊझर कोणाकडून पेनड्राईव्हवर न घेता बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्यायचा. आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवायचा नाही. पालक ऊसतोडीला जाण्यापूर्वी, दिवाळीच्या आधी, निघतील तेवढे सर्व दाखले काढायचे.

हा शेवटचा नियम सर्वांत जास्त वेळ वाचवतो, आणि त्याला संगणकही लागत नाही.

७. देणगी देणाऱ्या हातांना विनंती

मलाखी संदेष्ट्याच्या काळी लोक आंधळी, लंगडी, आजारी जनावरे अर्पणासाठी आणीत. अधिकाऱ्यापुढे जे नेऊन ठेवायला लाज वाटेल ते देवाच्या वेदीवर कसे आणता, असा त्या उताऱ्याचा रोख आहे.

हे मी संकोचानेच लिहिते, कारण आपल्या देणग्यांवरच काम चालते. पण काही वेळा केंद्रात येणारी खोकी उघडली की चार्जर नाही, बॅटरी फुगलेली, पडद्यावर रेघा, असे असते. दुरुस्तीचा खर्च वसतिगृहाच्या धान्याच्या पैशातून निघतो. जुने देण्यात काहीच कमीपणा नाही; दावीदाची गोफण काही नवी कोरी नसेल. फक्त देण्यापूर्वी स्वतःला विचारावे: उद्या माझ्या मुलाच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस असता, तर या यंत्रावर मी त्याचा अर्ज भरला असता का?

शक्य असल्यास यंत्र ६४-बिटचे, किमान ४ जीबी रॅमचे, चार्जरसह द्यावे. आपली स्वतःची माहिती पुसून द्यावी. नवीन यंत्र देणे शक्य नसेल तर एका जुन्या यंत्रासाठी एक एसएसडी किंवा रॅमची एक पट्टी, हीही मोठी मदत होते. आणि आपल्या तरुण संघातील कोणी वर्षातून दोन दिवस येऊन यंत्रे तपासून दिली, तर ती कोणत्याही वस्तूहून मोठी देणगी ठरेल. आमची चूक अशाच एका तरुणाने दाखवली.

ती मुलगी आता बारावीत आहे. या वर्षी तिने स्वतःचा अर्ज स्वतः भरला, तोही पावसाळ्यातच, वडील घरी असताना. ते तिच्याशेजारी त्याच स्टुलावर बसले होते, फोन हातात धरून. ओटीपी आला, तिने टाकला, पान उघडले. वडिलांनी विचारले, "झालं एवढ्यात?" तिने आधी लॉगआऊट केले, खिडकी बंद केली, डाऊनलोड पुसले, आणि मगच म्हणाली, "आता झालं."

चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या सेवेत "शौलाचे चिलखत" कोणते आहे? दुसऱ्याने वापरले म्हणून मीही बाळगतो, पण मला पेलत नाही, असे काय?

२. काम लवकर व्हावे म्हणून कोणाची सुरक्षितता मी नकळत धोक्यात घातली आहे का? ती कशी दुरुस्त करता येईल?

३. आपल्या मंडळीच्या कार्यालयातील संगणकावर कोणाकोणाची कागदपत्रे आहेत? त्याच्या ब्राऊझरला शेवटचे अपडेट केव्हा मिळाले? येत्या रविवारपूर्वी कोण पाहील?

४. मागच्या वेळी आपण मिशनला जी वस्तू दिली, ती आपण स्वतः वापरली असती का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, थोडक्यातून पुष्कळ करणारा तूच आहेस. आमच्या हातातील जुन्या, साध्या साधनांचा तुझ्या लेकरांसाठी उपयोग करून घे. घाईत आम्ही दारे उघडी टाकली असतील तर आम्हांला क्षमा कर. जे आमच्यावर विश्वास टाकतात त्यांचा ठेवा जपण्यास आम्हांला जागरूक ठेव. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना सांभाळ आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण थांबू देऊ नको. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.